हरिहर : द्विवचन की एकवचन?

हरिहराच्या देवालयांविषयी मराठीत आजवर जे लेखन झाले आहे त्यात एक शब्द हटकून भेटतो. तो म्हणजे ‘समन्वय’. देवालय तुंगभद्रेच्या काठचे असो, भीमेच्या काठचे असो, की सावित्री जेथे समुद्रास मिळते तेथले असो. शैव आणि वैष्णव यांच्यातील कलह शमविण्यासाठी दोन्ही देवांना एका ठिकाणी आणण्यात आले, हा समन्वय होय, एवढे एक वाक्य लिहिले की वर्णनकार आपले कर्तव्य संपले असे समजतो. पदव्युत्तर वर्गाच्या प्रबंधिकांतून हे वाक्य इतक्या वेळा वाचावयास मिळते की त्याला आता आधार मागण्याचेही कोणी मनात आणीत नाही. प्रस्तुत लेखात या वाक्याची परीक्षा करावयाची आहे, आणि ती भाषेच्या बाजूने करावयाची आहे. मूर्तिशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु हरिहर ही मूर्ती असण्याबरोबरच एक सामासिक शब्दही आहे, आणि समासाचा विग्रह न करता त्याचा अर्थ सांगू लागणे हे आपल्याकडील शालेय विद्यार्थ्यासही माफ नाही.

नामातील क्रमापासून आरंभ करू. ‘हरिहर’ या शब्दात हरी प्रथम येतो, यावरून त्या त्या स्थळी वैष्णवांचे वर्चस्व सूचित होते, असे विधान अधूनमधून केले जाते. द्वंद्व समासात कोणते पद आधी यावे यासंबंधी पाणिनीने अष्टाध्यायीत (२.२.३२ ते २.२.३४) लागोपाठ तीन नियम दिले आहेत. ऱ्हस्व इकारान्त किंवा उकारान्त, म्हणजे ‘घि’ संज्ञा असलेले पद प्रथम ठेवावे. स्वराने आरंभ होणारे व अकारान्त असे पद प्रथम ठेवावे. ज्या पदात स्वर कमी ते प्रथम ठेवावे. तिन्ही नियम निव्वळ ध्वनीचे आहेत. ‘हरि’ इकारान्त आहे म्हणून तो हराच्या आधी बसतो. यापलीकडे त्या क्रमाला काही सांगावयाचे नाही.

या नियमांच्या उदाहरणांचा इतिहास मोठा मौजेचा आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. काशिकावृत्तीत या तीन सूत्रांवर जी उदाहरणे आहेत त्यांत देव नाहीत. तेथे पटू आणि गुप्त आहेत, उंट आणि गाढव आहेत, पिंपरी आणि वड हे वृक्ष आहेत. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळी काशीस भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदी रचली तेव्हा त्यांनी ही उदाहरणे बदलली. पहिल्या नियमाला त्यांनी ‘हरिहरौ’ हे उदाहरण दिले, दुसऱ्याला ‘ईशकृष्णौ’ आणि तिसऱ्याला ‘शिवकेशवौ’. तिन्ही ठिकाणी देवांची जोडी तीच. नावे मात्र निराळी. पहिल्या जोडीत विष्णू पुढे येतो, उरलेल्या दोहोंत शिव. आणि दोहोंहून अधिक पदांचा द्वंद्व असेल तर नियम एकाच पदापुरता चालतो, बाकीची कशीही येऊ शकतात, हे दाखविण्यासाठी जे उदाहरण घेतले त्यातही हरी, हर आणि गुरू हेच तिघे उलटसुलट क्रमाने बसविले आहेत. उंट आणि गाढव काढून त्यांच्या जागी ईश आणि कृष्ण घालणाऱ्या वैयाकरणास आपण काय करीत आहोत याची जाणीव नसेल, हे संभवत नाही. ज्या नगरीत प्रत्येक घाटावर या दोन दैवतांच्या थोरवीची चर्चा चालत असेल तेथे त्याने शांतपणे दाखवून दिले की कोण पुढे आणि कोण मागे हे स्वर ठरवितात.

येथे एक शंका निघू शकेल. व्याकरणाला मानपान मुळीच कळत नाही काय? कळतो. जे अधिक पूज्य ते द्वंद्वात प्रथम यावे, असे वार्तिक याच संदर्भात आहे. वासुदेव आणि अर्जुन यांचा उल्लेख पाणिनीच्या ज्या सूत्रात (४.३.९८) येतो तेथे ध्वनीच्या नियमाने अर्जुन आधी यावयास हवा होता, कारण तो स्वरादी आहे आणि त्यात स्वरही कमी आहेत, तरी वासुदेव आधी आला, याची चर्चा पतंजलीने केली आहे आणि पूज्यतेचे कारण तेथे पुढे येते. म्हणजे योग्यतेचा नियम हाताशी होता. हरी आणि हर यांच्या बाबतीत मात्र भट्टोजींनी तो हाती धरला नाही. नामक्रमावरून पंथाचे वर्चस्व ठरविणाऱ्यांनी या मौनाचा विचार करावा.

दक्षिणेकडे हीच जोडी ‘शंकरनारायण’ या नावाने प्रसिद्ध आहे. तमिळनाडूतील शंकरनकोविल आणि कर्नाटकात उडुपी जिल्ह्यातील शंकरनारायण ही त्या नावाची ख्यात क्षेत्रे होत. तेथे शंकर पुढे आला म्हणून ती शैवांची सरशी म्हणावी काय? शंकरात तीन स्वर, नारायणात चार, नियम तिसरा. विद्यापीठाच्या शेजारच्या खडकीत, १८६९ साली तेथे निघालेल्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या आणि छावणीच्या आश्रयाने, तमिळ आणि तेलुगू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यामुळे आमच्याकडील वर्गांच्या हजेरीपटावर एखादा हरिहरन् आणि एखादा शंकरनारायणन् येणे यात नवल नाही. दोघांच्या नावांत दैवत एकच आहे आणि क्रम उलटा आहे. पण त्यांच्या घरच्या उपासनेविषयी त्या क्रमावरून काही अनुमान काढू लागलो तर ते दोघेही हसतील. आपल्याकडचे ‘शिवराम’ हे नाव घ्या. दोन्ही पदांत स्वर दोन-दोनच. परंतु लघु अक्षरांचे पद आधी यावे, असेही एक वार्तिक आहे आणि ‘शिव’ची दोन्ही अक्षरे लघू आहेत. मराठी आईबापांनी ते वार्तिक वाचलेले नसते. कानाला जे सुखाचे तेच वैयाकरणाने नोंदले आहे, इतकेच.

क्रमाचा प्रश्न असा बाजूस सारला की मुख्य प्रश्न उरतो, तो वचनाचा. ‘हरिहरौ’ हे द्विवचन आहे: हरी आणि हर, दोघे. ‘हरिहरः’ हे एकवचन आहे. हे एकवचन समाहार द्वंद्वाचे म्हणता येत नाही, कारण समाहार द्वंद्व नपुंसकलिंगी होतो. तेव्हा ‘जो हरी तोच हर’ असा कर्मधारय मानण्यावाचून गत्यंतर नाही. द्वंद्वात दोन पदार्थ असतात आणि दोन्ही प्रधान असतात. कर्मधारयात पदार्थ एकच असतो आणि त्याला दोन नावे असतात. म्हणजे एकाच अक्षरसमूहात दोन भिन्न विधाने दडलेली आहेत, आणि ‘समन्वय’ हा शब्द त्या दोहोंवर एकच चादर पांघरतो. देवालये मात्र हा भेद स्वच्छ पाळतात असे मला दिसते.

कर्मधारयाचे उत्तम उदाहरण कर्नाटकात, दावणगेरे जिल्ह्यातील हरिहर या गावी आहे. तुंगभद्रा आणि हरिद्रा यांच्या संगमावरील तेथील हरिहरेश्वराचे देवालय होयसळ राजा दुसरा नरसिंह याचा दंडनायक पोलाळ्व याने १२२४ च्या सुमारास बांधविले. गाभाऱ्यात मूर्ती एकच. तिचे उजवे अंग शिवाचे आणि डावे विष्णूचे. हरिहराच्या मूर्तींत सामान्यतः हीच वाटणी आढळते. बदामीच्या पहिल्या लेण्यात हरिहर आहे आणि अर्धनारीश्वरही आहे. दोन्ही ठिकाणी उजवी बाजू शिवाकडे राहते, म्हणजे एका मूर्तीत जेथे पार्वती आहे त्याच जागी दुसरीत विष्णू आहे. अर्धनारीश्वराच्या ज्ञात साच्यात विष्णूला बसविले गेले असे मानण्यास येथे जागा आहे, आणि मोहिनीच्या व हरिहरपुत्र अय्यप्पाच्या कथा या जागेशी सुसंगत आहेत. आणखी एक साधी गोष्ट: देवाची उजवी बाजू म्हणजे समोर उभ्या असलेल्या भक्ताची डावी. नागरी किंवा कन्नड लिपी वाचणारा मनुष्य डावीकडून उजवीकडे मूर्ती ‘वाचू’ लागला तर त्याला आधी हर दिसतो, मग हरी. तोंडाने मात्र तो ‘हरिहर’ म्हणतो. शब्दाचा क्रम आणि शिल्पाचा क्रम एकमेकांच्या उलट आहेत, आणि त्या उलटेपणाची खंत गेल्या चौदाशे वर्षांत कोणास वाटलेली दिसत नाही.

हरिहर क्षेत्राची कथा तर वैयाकरणानेच रचली असावी अशी आहे. गुह नावाच्या असुराने ब्रह्मदेवाकडून वर मिळविला की आपणास हरीकडूनही मरण येऊ नये आणि हराकडूनही येऊ नये. तो मातला. तेव्हा दोन्ही देव एक शरीर होऊन आले आणि त्यांनी त्याला मारिले. नृसिंहाच्या कथेशी हिचे साम्य उघड आहे, पण भेदही लक्षात घेण्यासारखा आहे. हिरण्यकशिपूने दिवस व रात्र, घर व अंगण, मनुष्य व पशू अशा जोड्या वगळल्या होत्या आणि त्याचा घात दोहोंच्या मधल्या जागेने केला. गुहासुराने दोन नावे वगळली आणि त्याचा घात समासाने केला. द्वंद्वातील प्रत्येक पद त्याने निषिद्ध केले होते. कर्मधारयाचा विचार त्याच्या मनात आला नाही. या कथेत शैव आणि वैष्णव यांचे भांडण कोठे आहे? एकही शब्द नाही. शत्रू बाहेरचा आहे आणि देवांचे परस्परांशी वैर नाही. तरीही या देवालयाचे वर्णन करताना कलहनिवारणाचे कारण सांगितले जाते. क्षेत्राची परंपरा स्वतःविषयी जे सांगते ते बाजूस ठेवून आपल्या मनातले कारण तिच्या तोंडी घालण्याचा हा प्रकार आहे.

आता द्वंद्व. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे. या स्थळाचे नाव मराठी अभ्यासकांस ठाऊक आहे ते तेथील संगमेश्वर देवालयाच्या तुळईवरील शके ९४० (इ.स. १०१८) च्या लेखामुळे. सोलापूरचे शिलालेखांचे व्यासंगी आनंद कुंभार यांच्यामुळे तो अभ्यासकांपुढे आला, आणि जो हे वाचील तो विजयी होईल अशा अर्थाच्या त्याच्या मराठी शेवटामुळे मराठीच्या आद्य लेखांच्या चर्चेत त्याला अक्षीच्या (शके ९३४) लेखाशेजारी स्थान मिळाले. या कीर्तीचा एक दुष्परिणाम असा की कुडलला जाणारा भाषेचा विद्यार्थी तुळई पाहून परततो. त्याच आवारात हरिहरेश्वराचे देवालय आहे. १९९९ साली तेथे झालेल्या उत्खननात साडेतीनशेहून अधिक मुखे कोरलेले एक प्रचंड शिवलिंग निघाले. वृत्तपत्रांनी त्या मुखांची मोजदाद केली, आणि ते स्वाभाविक आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे देवालयाच्या आराखड्यात: येथे गाभारे दोन आहेत, एक हरीचा आणि एक हराचा. मंडप सामाईक, गर्भगृहे वेगळी. याला दगडात लिहिलेले द्विवचन म्हणावे. ‘हरिहर’ हे नाव दावणगेरे जिल्ह्यातही तेच आहे आणि कुडललाही तेच, पण पहिल्या ठिकाणी भक्त एका मूर्तीपुढे उभा राहतो, दुसऱ्या ठिकाणी त्याला एका उंबऱ्यावरून दुसऱ्याकडे चालत जावे लागते. या दोन अनुभवांना एकच शब्द लावणे म्हणजे निरीक्षणाचा कंटाळा करणे होय.

कुडलच्या नावाविषयीही दोन शब्द. ‘कूडल’ हा कन्नड शब्द आहे. ‘कूडु’ म्हणजे मिळणे, जुळणे, आणि कूडल म्हणजे संगम. बसवेश्वरांचे कूडलसंगम कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर आहे; तेथे तर एकच अर्थ कन्नडात आणि संस्कृतात असा दोनदा उच्चारला आहे. एका भाषेतले नाव दुसऱ्या भाषेच्या माणसास अपारदर्शक झाले की तो आपल्या भाषेतला तोच शब्द त्याला जोडतो, हे स्थळनामांच्या अभ्यासात नेहमी आढळते. मराठीच्या अत्यंत जुन्या लेखांपैकी एक ज्या गावी सापडतो त्या गावाचे नाव कन्नड असावे, याचा विसर आपणास अभिमानाच्या भरात पडू नये. आणि हरिहर जेथे जेथे आहे तेथे तेथे पाणी पाण्याला मिळते, हेही पाहण्यासारखे आहे: तुंगभद्रा-हरिद्रा, भीमा-सीना, बिहारात सोनपूरचा हरिहरनाथ गंडकी आणि गंगा यांच्या संगमावर, आपल्या कोकणातला हरिहरेश्वर सावित्रीच्या मुखाशी. पंथांच्या कलहापेक्षा नद्यांचा संगम हे हरिहराच्या स्थापनेचे अधिक बोलके निमित्त असू शकेल. चार उदाहरणांवर सिद्धान्त उभा राहत नाही हे मान्य. पण कलहाच्या सिद्धान्ताला तर इतकीही उदाहरणे कोणी दिलेली नाहीत.

‘हरिहरेश्वर’ या नामात आणखी एक गाठ आहे, ती शेवटल्या ‘ईश्वर’ पदाची. स्थळाच्या, स्थापकाच्या किंवा गुणाच्या नावापुढे ‘ईश्वर’ जोडून लिंगाचे नाव करावयाचे, ही शैवांची जुनी रीत: ओंकारेश्वर, अमृतेश्वर, संगमेश्वर. समासाचे प्रधान पद शेवटी असते आणि येथे ते शिवाचे आहे. ‘रामेश्वर’ या शब्दाविषयीचा जुना विनोद संस्कृतच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. विष्णू म्हणतो हा तत्पुरुष, रामाचा ईश्वर. शिव म्हणतो हा बहुव्रीही, राम ज्याचा ईश्वर आहे तो. आणि दोघांच्या विनयाने समाधान न झालेले म्हणतात हा कर्मधारय, राम तोच ईश्वर. विनोद असला तरी त्यात उपासनेच्या तीन भिन्न वृत्ती अचूक पकडल्या आहेत, आणि ‘हरिहरेश्वर’ शब्दाला हे तिन्ही विग्रह लागू पडतात. रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर पेशव्यांचे कुलदैवत. तेथे ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती अशी चार लिंगे मानतात, म्हणजे विष्णूही लिंगरूपाने आहे. (त्या घराण्याच्या सत्तेची अखेर ज्या लढाईने सुरू झाली ती ५ नोव्हेंबर १८१७ रोजी आमच्या या खडकीतच झाली.)

लिंगरूप विष्णूचे याहूनही ठळक उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील खिद्रापूर येथे आहे. कृष्णाकाठचे हे कोपेश्वराचे देवालय शिलाहारकालीन असून यादव सिंघणाचाही लेख तेथे आहे. कथा अशी की दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकल्यावर शिव कोपला आणि त्याचा कोप शांत करण्यासाठी विष्णू त्याला येथे घेऊन आला. म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर आहे आणि त्याच्याजवळ धोपेश्वर, म्हणजे विष्णू, आहे. ‘धोपेश्वर’ हे केवळ ‘कोपेश्वरा’शी यमक जुळावे म्हणून केलेले नाव आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु राजापूरजवळच्या धोपेश्वर गावचा देव धूतपापेश्वर आहे, आणि गावाच्या नावात त्या लांब नामाचा संकोच झाला आहे हे उघड आहे. तो देव शिव आहे. तेव्हा खिद्रापुरात विष्णूला जे नाव दिले गेले ते रूपाने आणि अन्यत्रच्या वापराने शैव आहे. विष्णू तेथे शिवाच्या वेषात, शिवाच्या नावात, शिवाची समजूत घालीत बसला आहे. याला समन्वय म्हणावयाचे की पाहुणचार, याचा निर्णय वाचकांनी करावा. मला दुसरा शब्द अधिक जवळचा वाटतो.

याचा अर्थ असा नव्हे की शैव-वैष्णवांत वाद नव्हताच. तसे म्हणणे हे समन्वयवाद्यांच्या टोकाच्या उलट दुसरे टोक गाठणे होईल. कन्नडातील ‘गिरिजाकल्याण’कार कवी हरिहर हा कट्टर शिवभक्त होता, त्याचे नाव मात्र हरिहर. नावाने मनुष्य समन्वयी होत नाही याचा हा चालताबोलता पुरावा. आणि हरिहरांत भेद नाही, वाद करू नये, असे तुकोबांनी सांगितले त्याअर्थी वाद करणारे देहूच्या पंचक्रोशीत असलेच पाहिजेत. जे कोणी करीत नाही त्याचा निषेध कोणी करीत नसतो. परंतु तुकोबांच्या त्या अभंगातील युक्तिवाद आपल्या विद्वानांच्या युक्तिवादाहून कितीतरी सूक्ष्म आहे. भेद मानणाऱ्याला आड येते ती केवळ एक वेलांटी, असे ते म्हणतात. आणि उजवे व डावे ही एकाच अंगाची अंगे, असेही. पहिला दाखला लिपीचा, दुसरा मूर्तीचा. ही वेलांटी म्हणजेच पाणिनीचा ‘घि’. ज्या एका खुणेमुळे व्याकरणाने हरीला पहिली जागा दिली तीच खूण तुकोबांनी भेदाचे एकमेव कारण म्हणून दाखविली, आणि ती किती क्षुल्लक आहे ते सांगितले. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तर या वेलांटीची आणखी एक गंमत केली आहे: एकटा ‘हरी’ दीर्घ लिहावयाचा, आणि समासात पूर्वपद झाला की ‘हरि’ ऱ्हस्व. हराशेजारी बसावयाचे तर हरीला थोडे आखडून घ्यावे लागते.

ऐतिहासिक भाषाशास्त्र येथे एक अडचण उभी करते, ती टाळून चालणार नाही. परंपरा हरी आणि हर दोन्ही शब्द ‘हृ’ धातूपासून साधते: पाप हरण करणारा तो हरी, आणि हरण करणारा तोच हर. तुलनात्मक अभ्यास मात्र सांगतो की ‘हरि’ हा मुळात पिंगट-पिवळ्या वर्णाचा वाचक शब्द. अवेस्तातील ‘झइरि’ आणि आपला ‘हिरण्य’ हे त्याचे सोयरे. ‘हर’चा ‘हृ’ धातू निराळ्या कुळातला. दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले आणि ध्वनिपरिवर्तनाच्या योगायोगाने एका वेलांटीच्या अंतरावर येऊन उभे राहिले. यामुळे तुकोबांचे म्हणणे खोटे ठरते काय? मुळीच नाही. बोलणाऱ्याच्या मनात शब्दांचे नाते आजच्या ध्वनीवरून जुळते, दोन हजार वर्षांपूर्वीच्या मुळावरून नव्हे. व्युत्पत्तीच्या आधारे कवीला दुरुस्त करू पाहणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाने आपल्या शास्त्राची मर्यादा ओळखलेली नसते.

पंढरपूरचा विचार केल्याविना हा विषय पुरा होत नाही. विठ्ठलाच्या मस्तकी शिवलिंग आहे ही वारकऱ्यांची जुनी श्रद्धा. नरहरी सोनाराची कथा, जी महिपतीने ‘भक्तविजया’त (१७६२) सांगितली, तिच्यात डोळे बांधलेल्या शैव सोनाराच्या हाताला शिव लागतो आणि डोळे उघडताच विठ्ठल दिसतो. ज्याला विष्णूचे मुख पाहावयाचे नव्हते त्याचे नावच नरहरी, म्हणजे नृसिंह, होते. या विसंगतीकडे कथेने लक्ष दिलेले नाही आणि आपणही बहुधा देत नाही. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथाने ‘समन्वय’ शब्दाला मराठीत मोठी प्रतिष्ठा दिली. ढेऱ्यांवर माझा आक्षेप नाही. त्यांचा समन्वय हा थरांचा इतिहास आहे: गोपजनांचा देव, त्याचे वैष्णवीकरण, त्यावर चढलेली पुराणे, हे सर्व त्यांनी एकेक करून उलगडले आहे. आक्षेप आहे तो त्यांच्या मागून आलेल्यांवर, ज्यांनी ग्रंथातील उलगडा सोडला आणि शीर्षकातील शब्द तेवढा उचलला. ढेऱ्यांच्या लेखी तो शब्द दीर्घ विवेचनाचा निष्कर्ष होता. या मंडळींच्या लेखी तो विवेचन टाळण्याचे साधन झाला आहे.

वस्तुतः हा शब्द आमच्याच शास्त्राचा आहे. ‘अन्वय’ म्हणजे वाक्यातील पदांचा परस्परसंबंध. श्लोकाचा अन्वय लावणे म्हणजे काय हे सर्वांस ठाऊक आहे. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाला समन्वयाध्याय म्हणतात, तेही भिन्न वेदान्तवाक्यांचे तात्पर्य एका अर्थी लागते हे दाखविण्यासाठी. अन्वयात पदे एकमेकांत विरघळत नाहीत. कर्ता कर्ता राहतो, कर्म कर्म राहते, आणि म्हणूनच वाक्याला अर्थ येतो. या मूळ अर्थाने कोणी हरिहराला समन्वय म्हणेल तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण मग त्याने कर्ता कोण, कर्म कोण आणि क्रियापद कोणते हे सांगितले पाहिजे.

क्रियापद मराठी माणसाने केव्हाच शोधून ठेवले आहे. कार्तिक शुद्ध चतुर्दशीला, वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री, विष्णूला बेल वाहतात आणि शिवाला तुळस. नाशिकात गोदावरीच्या काठच्या कपालेश्वराची आणि सुंदरनारायणाची त्या रात्री गाठ घालून देतात. उज्जैनीस महाकालाची स्वारी शिंद्यांच्या बायजाबाईंनी बांधविलेल्या गोपाळमंदिरात जाते. या सोहळ्याचे नाव ‘हरिहरभेट’ आहे. भेटीसाठी दोघे लागतात, आणि भेटून झाल्यावर ते आपापल्या घरी परततात. वर्षातून एक रात्र तुळस आणि बेल यांची अदलाबदल होते. ती त्या रात्रीपुरतीच अर्थपूर्ण ठरते, कारण उरलेल्या सर्व दिवशी तुळस कोणाची आणि बेल कोणाचा याविषयी शंका नसते. भेद पुसणारी माणसे असा सण कल्पू शकली नसती. हा द्वंद्वही नव्हे आणि कर्मधारयही नव्हे. समास सोडून केलेले हे सरळ वाक्य आहे.

कुडलच्या दोन गाभाऱ्यांसंबंधी पुढे ज्या विद्यार्थ्यांना काम करावयाचे असेल त्यांनी मूर्तींची मापे घेण्याबरोबर गावच्या बोलण्याकडेही कान द्यावा. संस्कृतातले द्विवचन मराठीत उरले नाही, आणि आदरार्थी अनेकवचनाने एक देव की दोन हे झाकून टाकले जाते: ‘हरिहरेश्वर पावले’ या वाक्यावरून काहीच कळत नाही. पण मराठी भक्त देवाला एकेरीही बोलावतो. संकटात, नवसाच्या वेळी, शेतात पाऊस नसताना तेथील माणूस ‘पाव रे’ म्हणतो की ‘पावा रे’ म्हणतो, आणि ‘पावा’ म्हणत असेल तर त्याच वाक्यात पुढे ‘दोघे’ हा शब्द येतो की नाही, हे टिपून घेतले पाहिजे. सीमेवरच्या त्या गावांत कन्नडही बोलली जाते. तेथे क्रियापदाचे रूप काय होते तेही त्याच वहीत लिहावे.